पाठवणीची रांग

पासष्ट टक्क्यांवर क्लोन थांबला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि माझ्या हातातला चहा अजून गरम होता.

"सर, डिस्क भरली," मी म्हणाले.

बुरसे सर पलीकडे प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होते. मान न वळवता ते म्हणाले, "भरणारच. तीनशे ऐंशी जीबीचं सामान अडीचशेच्या खोलीत कसं मावेल?"

"मला वाटलं, मूळ डेटाबेसमध्ये बरीच जागा नुसतीच अडवून ठेवलेली असेल. ती काही उतरणार नाही, म्हणून मावेल."

"अडवलेली असती तर मी आधीच सोडवली नसती का?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माळरानावरच्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं मोठं रुग्णालय होतं. त्याच्या संगणक विभागात मला लागून आठ महिने झाले होते. विभाग कसला, दोन खोल्या आणि दोन माणसं. एक मी, वैजयंता शेडबाळे, आणि दुसरे दिगंबर बुरसे. रुग्णालयातला पहिला संगणक बुरसे सरांनीच खोक्यातून काढून मांडला होता, आणि पंधरा वर्षांत त्यांनी केलेला एकही नियम चुकीचा ठरला नव्हता, असं सगळे सांगत. मीही सांगत असे.

त्या आठवड्यात आम्हाला नवी प्रणाली बसवायची होती. थेट चालू डेटाबेसवर प्रयोग करायचा तर बाह्यरुग्ण विभाग बंद पडायचा. म्हणून रुग्णांच्या सगळ्या नोंदींची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, दुसऱ्या सर्व्हरवर करायची आणि जे मोडायचं ते तिथं मोडून बघायचं, असं ठरलं होतं. दुसरा सर्व्हर जुना होता. त्याची डिस्क वाढवायची तर खरेदी समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती, आणि नर्सांचं प्रशिक्षण सोमवारी.

सर हात पुसत माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कुठलं टेबल किती जागा खातंय ते काढ. मोठ्यापासून लहानापर्यंत."

मी यादी काढली. सगळ्यात वर जे नाव आलं ते बघून मला वाटलं, यादीच चुकली. 'पाठवणी'. एकशे चाळीस जीबी.

पाठवणी हे टेबल म्हणजे एक रांग होती. प्रयोगशाळेत अहवाल तयार झाला की तो या रांगेत येऊन उभा राहायचा. छापला गेला की रांगेतून निघून रुग्णाच्या कायमच्या नोंदीत जाऊन बसायचा. दिवसाअखेर रांग रिकामी व्हायला हवी. रुग्णालयातले सगळे एक्स-रे मिळूनसुद्धा नव्वद जीबी होते.

"ते तात्पुरतं टेबल आहे," सर म्हणाले. "छापून झालेल्याचा गाळ साचला असणार. मूळ डेटाबेसमधूनच रिकामं करून टाक. दोनशे चाळीस उरतात. अडीचशेत कसेबसे बसतील."

"मूळमधून?"

"कचरा मूळमध्ये असला तरी कचराच. कर."

मी आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. एक सेकंदसुद्धा लागला नाही. एकशे चाळीस जीबी मोकळे झाले. सर "शाब्बास" म्हणाले आणि पुन्हा प्रिंटरकडे वळले.

आता दुसऱ्या सर्व्हरवरचा अर्धवट क्लोन पुसायचा आणि नव्यानं सुरुवात करायची. पुसण्याची आज्ञा लिहिली. 'सर्व काही नष्ट होईल, खात्री आहे का?' असा नेहमीचा प्रश्न पडद्यावर आला. 'हो' एवढं लिहायचं होतं.

मी ते लिहिलं नाही, याचं कारण काही मोठं नव्हतं. मला एक वही ठेवायची सवय होती. काय बिघडलं, का बिघडलं आणि कसं नीट केलं, हे त्यात लिहायचे. 'का'च्या पुढे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. रांग एवढी फुगली कशी? आणि क्लोन करणारं ते साधन मोठी टेबलं आधी उचलायचं, म्हणजे अर्धवट प्रतीत पाठवणीचं टेबल पूर्ण उतरलेलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. पुसण्याआधी एकदा बघावं, म्हणून मी दुसऱ्या खिडकीतून ते उघडलं.

एक हजार नऊशे चार नोंदी होत्या. सगळी बायकांची नावं. नावापुढे गाव, वय, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीचे पाच-सहा भलेमोठे फोटो आणि इंग्रजीत अहवाल. पहिल्या नोंदीची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. शेवटची कालची. छापल्याच्या तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"सर, हे छापून झालेलं नाहीये," मी म्हणाले. "हे छापलंच गेलेलं नाही."

ते आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी एकेक नोंद खाली सरकवत होते आणि ते फक्त डावीकडचा एक रकाना बघत होते. रुग्ण क्रमांकाचा. प्रत्येक क्रमांकाची सुरुवात 'शि' या अक्षरानं होती.

"शिबिराचे," ते म्हणाले.

गेल्या वर्षापासून रुग्णालय खेडोपाडी बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी शिबिरं घेत होतं. शिबिरातल्या बाईला लगेच कायमचा क्रमांक मिळायचा नाही, तात्पुरता मिळायचा. त्याच सुमारास एका बाईचा अहवाल नावसाधर्म्यानं दुसरीला दिला गेला होता आणि बराच गोंधळ झाला होता. म्हणून सरांनी नियम केला होता, कायमचा क्रमांक जुळल्याशिवाय अहवाल छापायचा नाही. चांगला नियम होता. त्या दोन गोष्टींची गाठ कुणी घालून बघितली नव्हती.

"मूळमधलं..." सरांनी विचारलं.

"रिकामं केलं. तुम्ही म्हणालात म्हणून..."

"हो. मीच म्हणालो." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"कालच्या बॅकअपमधून परत आणता येईल की."

त्यांनी मान हलवली. "बॅकअपची डिस्कसुद्धा लहान आहे. तात्पुरती टेबलं मी दोन वर्षांपूर्वी बॅकअपमधून वगळली."

मग ते माझ्या पडद्याकडे नीट बघायला लागले. कोपऱ्यातल्या खिडकीत तो प्रश्न अजून तसाच होता. खात्री आहे का? पुढे चौकोनी कर्सर उघडझाप करत होता.

"वैजयंता," ते अगदी हळू म्हणाले, "की-बोर्डवरचा हात काढ."

मी हात उचलला तो मांडीवर ठेवला. एक हजार नऊशे चार बायकांचे अहवाल त्या घडीला जगात एकाच ठिकाणी होते, एका फसलेल्या क्लोनमध्ये, आणि तो पुसायला मला फक्त 'हो' लिहायचं राहिलं होतं.

ती खिडकी सरांनी स्वतः बंद केली. एकशे चाळीस जीबी हलवून सुरक्षित ठेवायला रुग्णालयात जागाच नव्हती. तेव्हा मला सुचलं, फोटो सोडून नुसता मजकूर काढावा. काढला. सगळ्या बायकांची नावं, गावं, अहवाल मिळून सहा एमबी भरले. पेनड्राईव्हच्या एका कोपऱ्यात मावले. बाकी सगळी जागा फोटोंनी खाल्ली होती.

अहवालाच्या तळाशी मराठीत एक ओळ होती, पण वरची इंग्रजी आम्हा दोघांनाही कळत नव्हती. आम्ही छापलेले गठ्ठे घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

डॉ. नसीम मुल्ला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या. शिबिराची प्रत्येक काचपट्टी त्यांनीच तपासलेली होती.

"मॅडम, शिबिराचे अहवाल," सर म्हणाले. "हे गेलेच नाहीत."

"कालचे?"

"पहिल्या दिवसापासूनचे."

त्यांना ते कळायला वेळ लागला. "पण मी पाठवलेत," त्या म्हणाल्या. "बटण दाबलं की 'पाठवला' असं हिरवं येतं. प्रत्येकाला आलंय."

"रांगेत पाठवला, असा त्याचा अर्थ आहे," मी म्हणाले.

त्यांनी गठ्ठा ओढून घेतला आणि पानं उलटायला लागल्या. बहुतेक पानं त्या नुसती बघून पालथी टाकत होत्या. मधेच एखादं पान थांबून वाचायच्या आणि उजव्या हाताला वेगळं ठेवायच्या. आम्ही दोघं उभे होतो. आम्हाला बसा म्हणायचं त्यांना सुचलं नाही. उजव्या हाताचा ढीग हळूहळू वाढत गेला. दीड तासानं त्यांनी तो मोजला. सदतीस.

"यातल्या काहींना तेव्हा नुसती सुरुवात होती," त्या म्हणाल्या. "पंधरा मिनिटांचं काम होतं. कापायचंसुद्धा नाही." तो ढीग सरळ करत त्यांनी विचारलं, "बायकांना काय सांगितलं होतं आपण?"

ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. शिबिराच्या प्रत्येक फलकावर ते लिहिलेलं असायचं. दोष असला तरच निरोप येईल. निरोप आला नाही, तर समजा सगळं ठीक आहे.

"माझ्या नियमामुळं झालं," सर म्हणाले. "आणि आज सकाळी पुसायलाही मीच सांगितलं. मी ट्रस्टींना लिहून देतो."

"नंतर लिहा," मॅडम म्हणाल्या. "आधी सुलाबाईंना बोलवा."

सुलाबाई शिबिरांच्या आरोग्यसेविका. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस, काळ्यासावळ्या, ठेंगण्या, पायात पुरुषी चपला. माळावरच्या चाळीस वाड्यावस्त्यांत कुठली बाई कुठल्या घरात नांदते, सध्या माहेरी आहे की ऊसतोडीला गेलीय, हे त्यांना तोंडपाठ असायचं. शिबिरातले कागदी अर्ज संगणकात चढवले की ठेवायला जागा नाही म्हणून रद्दीत जायचे. त्यामुळे आता नुसत्या नावागावावरून ही माणसं शोधू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं.

त्या दुपारी आल्या. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि काय झालं ते सांगितलं. काही झाकलं नाही. सुलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हंजे मी घरोघर सांगत फिरले, निरोप न्हाई म्हंजे बरं हाय, काळजी करू नगा," त्या म्हणाल्या, "ते समदं खोटं?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"द्या यादी."

मी सदतीस नावांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेन उघडलं. त्या एकेका नावावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या आणि मी बाजूला लिहून घ्यायला लागले. "ही शाळंच्या मागं ऱ्हाती. हिच्या नवऱ्याचा फोन हाय माझ्याकडं. ही कारखान्यावर गेली व्हती, आता आली असंल. ही रतन, तरसवाडीची..." तिथं त्यांनी तोंडावर हात ठेवला. "ही गेली. वैशाखात गेली."

मी पेन थांबवलं.

"लिवा की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या नावावर गेल्या.

विसाव्या की एकविसाव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, ही बाई ओळखीची नसावी. मी वाकून वाचलं. सुलोचना दाजी ऐवळे, वय पंचेचाळीस.

"ही कुठली?" मी विचारलं.

बोट त्या नावावरच होतं.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या.

आठ महिने मी त्यांना सुलाबाई म्हणत होते. त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. मॅडमनाही नसावं, कारण त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"पयल्या शिबिराला बाया लाजत व्हत्या," सुलाबाई सांगायला लागल्या, जणू आम्ही काही विचारलं होतं. "टेबलावर झोपायला कुणी तयार हुईना. मग मीच म्हणलं, बघा, आधी मी झोपते. काय बी हुत न्हाई. मग आल्या समद्या."

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, आत्ता लगेच तपासते तुम्हाला."

"यादी हुंद्या."

"सुलाबाई, यादी नंतर."

"मॅडम, मी हितंच हाय. मला हुडकायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि बोट एक ओळ खाली सरकवलं. आवाज तोच होता. हात मात्र पानावर इतका दाबून ठेवला होता की कागद टेबलाला घासून फाटला.

यादी संपल्यावर मॅडमनी त्यांना आत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या.

बारा दिवस आम्ही फिरलो. तरसवाडी सोडून बुरसे सर सगळीकडे आले. वस्तीवर गेलं की ते जीपमधून उतरायचे, हात जोडून सांगायचे, "चूक आमची आहे, तुमची नाही. आजच चला." काही घरांत त्यांना शिव्या बसल्या. त्या त्यांनी ऐकून घेतल्या. सदतीसपैकी छत्तीस जणी जिवंत सापडल्या. त्यातल्या बहुतेकींचं थोडक्यात निभावलं. सहा जणींना मोठ्या शहरात पाठवावं लागलं, त्यातल्या चार परत आल्या. सुलाबाईंचं ऑपरेशन सगळ्यात शेवटी झालं, आणि त्यानंतर त्यांनी आणखी सात वर्षं नोकरी केली. सरांना ट्रस्टनं काढलं नाही. त्यांनीच वर्षाच्या आत निवृत्ती घेतली. मी पुढे पुण्यात गेले, मोठमोठ्या डेटाबेसचे क्लोन केले, जागेची कधी टंचाई पडली नाही. आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

पण त्या बारा दिवसांतला एक दिवस असा आहे की तो मला अजून नीट सांगता येत नाही.

सगळ्या जिवंत बायका आणून झाल्यावर सुलाबाई म्हणाल्या, "आता तरसवाडीला जायचं."

"तिथं तर..." मी म्हणाले.

"तिच्या घरी कागद द्यायचा ऱ्हायलाय. तुमी चला माझ्यासंगं. तुमी पयल्यांदा बघितलाय त्यो."

जीपमध्ये आम्ही दोघीच मागे होतो. माळावर मेंढरं पसरली होती. सुलाबाईंनी विचारलं, "सापडलं कसं म्हणायचं ते?"

मी सगळं सांगितलं. डिस्क भरली ते, मी टेबल रिकामं केलं ते, पुसायचा प्रश्न पडद्यावर होता ते. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्हंजे जागा पुरली असती तर?"

"तर क्लोन पूर्ण झाला असता," मी म्हणाले, "आणि मी जेवायला गेले असते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, समोर अचानक कडा आल्यावर माणूस बघतं तशा. मग त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

रतनचा नवरा जालिंदर सरगर घरापुढे खाट टाकून बसला होता. तिशीतला माणूस, दाढी वाढलेली. सुलाबाईंना बघून उठला. "या की बाई. लई दिसांनी."

त्यानं पाणी दिलं. सुलाबाईंनी तांब्या हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. "रतनचा कागद आलाय," त्या म्हणाल्या. "शिबिराचा."

"आता?"

"आमच्याकडंच अडकला व्हता. आमची चूक हाय."

त्यानं हात पुढे केला. मी कागद दिला. त्यानं तो सरळ धरला, उलटा करून बघितला, मग परत माझ्याकडे दिला. "मला इंग्रजी येत न्हाई. तुमी वाचा."

"यात वैद्यकीय शब्द आहेत, मलाही नीट..."

"खाली मराठीत हाय की कायतरी."

होतं. प्रत्येक अहवालाच्या तळाशी मॅडम एक ओळ मराठीत लिहीत, घरच्यांना वाचता यावी म्हणून. मी ती त्या बारा दिवसांत सदतीस वेळा बघितली होती. मोठ्यानं कधी वाचली नव्हती. तारीख गेल्या वर्षीच्या श्रावणातली होती.

"रुग्णास तातडीने बोलावून घ्यावे," मी वाचलं.

जालिंदरनं मान हलवली. त्याला ते लगेच समजलं नसावं, किंवा फार नीट समजलं असावं. तो खाटेवर बसला.

"मग बोलवा की," तो म्हणाला, आणि मी आता काय करते ते बघत तसाच बसून राहिला.